पुढच्या सरकारच्या पदरात

गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीच्या काठावर उभे राहिले की समोर गोदावरीचे रुंद पात्र आणि त्यावर ८५ दरवाजांचे मेडीगड्डा बॅरेज दिसते. त्याचे एक टोक महाराष्ट्रात आहे, दुसरे तेलंगणात. २१ जून २०१९ रोजी हे बॅरेज ज्याचा भाग आहे त्या कालेश्वरम प्रकल्पाचे उद्घाटन झाले, तेव्हा तेलंगणाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांच्या सोबत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसही होते. २१ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी या बॅरेजचे काही खांब खचले. चाळीस दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, तेलंगणात मतदान झाले आणि राव यांचे सरकार गेले.

नव्या रेवंत रेड्डी सरकारने २० डिसेंबरला विधानसभेत श्वेतपत्रिका मांडली. २०१४ साली ७२,६५८ कोटी असलेले राज्याचे कर्ज ६,७१,७५७ कोटींवर गेल्याचे तिच्यात सांगितले होते. पुढे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी एकट्या कालेश्वरमचा खर्च १,४७,४२७ कोटींच्या वर जाण्याची शक्यता वर्तवली. बॅरेज दुरुस्त करायचे की नाही, पाणी अडवायचे की दरवाजे उघडेच ठेवायचे, कर्जाचे हप्ते कुठून भरायचे, हे सगळे प्रश्न ज्यांनी प्रकल्प बांधला नव्हता त्यांच्या टेबलावर येऊन पडले.

अलीकडच्या काठावरचा हिशेब याहून साधा आहे आणि तो अजून मिटलेला नाही. बॅरेज झाल्यावर सिरोंचातल्या नदीकाठच्या गावांची कापसाची आणि मिरचीची शेते फुगवट्याच्या पाण्याखाली जाऊ लागली. जुलै २०२२ च्या पुराने तर कंबरडेच मोडले. काही जमीन आधी संपादित झाली होती, काही राहिली होती. राहिलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी त्या वर्षाच्या अखेरीस शेतकऱ्यांना सिरोंचात उपोषणाला बसावे लागले. बॅरेजचा दोन राज्यांमधला करार ज्यांनी केला ते हैदराबादेत आणि मुंबईत बदलत गेले. शेतकरी आणि त्याचे पाण्यातले शेत जिथल्या तिथे राहिले.

जाणाऱ्या सरकारने अवघड आर्थिक निर्णय येणाऱ्याच्या पदरात टाकणे ही गोष्ट चंद्रपूर-गडचिरोलीपुरती नाही. पण या दोन जिल्ह्यांत ती फार उघडी दिसते. चंद्रपुरात विधानसभेच्या सहा जागा, गडचिरोलीत तीन. २८८ जणांच्या सभागृहात नऊ आमदार. इथला निर्णय पाच वर्षे लांबला म्हणून मुंबईत कुणाची खुर्ची हलत नाही. त्यामुळे इथल्या फायली एका मंत्रिमंडळाकडून दुसऱ्याकडे सहज सरकत जातात. आणि सरकत असताना त्या होत्या तशा राहत नाहीत. खर्च वाढतो, हक्क सांगणारे वाढतात, कागद जीर्ण होतो आणि शेवटी प्रकरण कोर्टात जाते. या भागाचा गेल्या सत्तर वर्षांचा आर्थिक इतिहास अशा सरकवलेल्या फायलींमधून बराचसा वाचता येतो.

त्यातली सर्वांत जुनी फाईल तलावांची आहे. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५१ साली संपली आणि मालगुजारांनी बांधलेले हजारो तलाव सरकारजमा झाले. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. या तलावांच्या पाण्यावर धानाच्या बांध्या भिजवण्याचा गावाचा जुना निस्तार हक्क होता. मालगुजार गेला, पाळ आणि पाट सरकारचे झाले, हक्क गावाचा राहिला. मग गाळ कुणी काढायचा, फुटलेली पाळ कुणी बांधायची, पाणीपट्टी घ्यायची की नाही? लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी झाली. खर्चाचा मूळ प्रश्न मात्र तसाच पडून राहिला. प्रत्येक सरकारने दुरुस्तीच्या नावाने थोडे पैसे दिले, पण तलाव गावाच्या हाती देऊन त्याचे उत्पन्न आणि त्याचा खर्च दोन्ही गावावर सोपवण्याचा धाडसी निर्णय कुणी पूर्णपणे घेतला नाही. गाळ साचत गेला.

तलावाचा गाळ निदान डोळ्यांना दिसतो. झुडपी जंगलाचा गुंता सातबाऱ्याच्या शेऱ्यात असतो. मालगुजारी संपल्यावर गावाच्या ताब्यातली चराईची, काटेरी झुडपांची, मुरमाड पडीक जमीन महसुली दफ्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिली गेली. नाव जंगलाचे, पण तिथे गुरे चरत होती, स्मशान होते, खळी होती. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्या नोंदी जशाच्या तशा इकडे आल्या. पुढे त्याच जमिनीवर शाळा, पंचायतीची इमारत, घरे, रस्ते झाले. सरकारी अधिकाऱ्यांनीच पट्टे वाटले. मग २५ ऑक्टोबर १९८० रोजी वन संवर्धन कायदा आला आणि केंद्राच्या परवानगीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला देणे बंद झाले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला की दफ्तरात वन म्हणून नोंद असलेली जमीन मालकी कुणाचीही असो, वनच मानायची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली ८६,४०९ हेक्टर जमीन या दोन तारखांच्या मध्ये अडकली.

याचा अर्थ काय होतो, हे घरकुलाच्या यादीत नाव आलेल्या कुटुंबाला विचारावे. योजना मंजूर, पहिला हप्ता तयार, पण जागेचा सातबारा काढला तर त्यावर ‘झुडपी जंगल’ लिहिलेले. तलाठी म्हणतो वनखात्याकडे जा, वनरक्षक म्हणतो ही जमीन आमच्या ताब्यातच नाही, महसुलाची आहे. बापाने तिथेच कुडाचे घर बांधले होते, आजाची राखही जवळच्या नाल्यात सोडलेली, आणि कागदावर हे कुटुंब जंगलात अतिक्रमण करून बसलेले. बँक अशा जागेवर कर्ज देत नाही. शाळेला कुंपण घालायचे तर परवानगी लागते, नळयोजनेची टाकी उभारायची तरी लागते.

सरकारने काय करायला हवे होते, हे गुपित नव्हते. कोणती जमीन खरेच जंगल आहे आणि कोणती फक्त नावाने, याची गावोगाव मोजणी करायची, एक यादी करायची आणि ती केंद्राकडे न्यायची. पण या कामात दोन्हीकडून रोष होता. जमीन वगळली तर जंगल विकल्याचा आरोप होणार. वन म्हणून घट्ट धरली तर शहरांच्या कडेला उभ्या राहिलेल्या वस्त्या तोडाव्या लागणार. शिवाय वगळलेल्या जमिनीच्या बदल्यात पर्यायी वनीकरणाचा खर्च राज्याच्या तिजोरीवर येणार. त्यामुळे काँग्रेस, युती, आघाडी, पुन्हा युती, प्रत्येकाने अहवाल मागवले, बैठका घेतल्या, निवडणुकीच्या सभेत ‘झुडपीचा प्रश्न सोडवू’ म्हटले आणि फाईल पुढे सरकवली.

शेवटी तो निर्णय सरकारने घेतला नाही, न्यायालयाने घेतला. २२ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला. १९९६ च्या आदेशानुसार झुडपी जंगल हे वनच आहे, पण १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटलेली जमीन वनांच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राकडे जावे, आणि त्यासाठी पर्यायी वनीकरणाची अट लावू नये, असे त्यात म्हटले. त्यानंतर वाटलेल्या जमिनींबाबत मात्र अधिकाऱ्यांना जाब द्यावा लागेल. न्यायालयाने वाट दाखवली खरी, पण ती मोजणी, ती यादी आणि ते प्रस्ताव करायचे आहेत तालुक्याच्या त्याच कार्यालयांना. १९८० साली किंवा १९९७ साली हे काम केले असते तर जमिनी कमी होत्या, ताबेदार कमी होते, मूळ पट्टेदार जिवंत होते. आज पट्टा ज्याच्या नावाचा त्याची तिसरी पिढी त्या घरात आहे आणि मूळ आदेशाचा कागद उंदराने खाल्लेला आहे.

दारूबंदीचा प्रवास वेगळ्या दिशेने गेला, पण चाल तीच. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी लागू झाली, तिच्यामागे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सोबतीने उभी राहिलेली लोकचळवळ होती. शेजारच्या चंद्रपुरात परवान्याची दुकाने चालूच होती. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारच्या पुढाकाराने हजारो बायका चिमूरहून पायी नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या. पाच-सहा दिवसांचा रस्ता, डिसेंबरची थंडी, डोक्यावर शिदोरी. काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने तेव्हाचे पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. पुढे दोन वर्षे काहीच झाले नाही, कारण निर्णयात राज्य उत्पादन शुल्काचा महसूल होता आणि परवानेधारकांचा दबावही. सप्टेंबर २०१४ मध्ये ते सरकार गेले.

नव्या सरकारात बल्लारपूरचे सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री आणि चंद्रपूरचे पालकमंत्री झाले. २० जानेवारी २०१५ रोजी मंत्रिमंडळाने बंदीचा निर्णय घेतला आणि १ एप्रिलपासून ती लागू झाली. ज्याच्या हाती राज्याची तिजोरी तोच आपल्या जिल्ह्याचा दारूचा महसूल सोडतो, हे धैर्याचे होते आणि तसे म्हणायलाच हवे. पण बंदीनंतरची अंमलबजावणी हा पुढचा, अधिक अवघड खर्च होता. यवतमाळ, नागपूर आणि तेलंगणाच्या सीमा उघड्या. पोलीस तेवढेच. चोरटी दारू शिरली, आणि तिच्या ने-आणीत बायका आणि मुलेही ओढली गेली. २०१९ नंतर महाविकास आघाडी आली, ब्रह्मपुरीचे विजय वडेट्टीवार पालकमंत्री झाले, पुन्हा समिती बसली. रमानाथ झा समितीने मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली. पहिल्या सरकारने टाळले, दुसऱ्याने केले पण निभावण्याची किंमत मोजली नाही, तिसऱ्याने मोडले. चिमूरहून चालत गेलेल्या बायकांना मधल्या सहा वर्षांत काय मिळाले आणि काय हिरावले, याचा हिशेब ज्या अहवालांतून मांडला गेला त्यांत महसुलाचा रकाना ठळक होता. संध्याकाळी घरात काय घडते, त्याला रकानाच नसतो.

गोसीखुर्दबद्दल नव्याने सांगण्यासारखे फार नाही, पण आढाव्यातून ते वगळताही येत नाही. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी केली. तेव्हाचा खर्च होता ३७२ कोटी. सिंचनाचे लक्ष्य २,५०,८०० हेक्टर, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा, १,४१,४६३ हेक्टर, चंद्रपूर जिल्ह्याचा. म्हणजे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या धानाच्या पट्ट्याचा. बारा मुख्यमंत्री झाले, २००९ साली प्रकल्प राष्ट्रीय ठरला, २०१२-१३ च्या दराने खर्च १८,४९४ कोटींवर गेला. भिंत आधी उभी राहते, कारण भिंतीचे उद्घाटन होते. कालव्याच्या शेवटच्या चाऱ्या, बुडीत गावांचे पुनर्वसन, खराब अस्तरीकरण उखडून पुन्हा करणे, यात फीत कापायला काही नसते, म्हणून ते पुढच्यासाठी राहते. नोव्हेंबर २०१२ मध्ये सिंचनावर श्वेतपत्रिका आली, चौकश्या झाल्या, निविदा रद्द झाल्या. या सगळ्यात ज्या शेतकऱ्याची जमीन कालव्यात गेली आणि पाणी आले नाही, त्याने दोनदा दिले आणि एकदाही घेतले नाही.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. जाणारे सरकार नेहमी हात बांधूनच बसते असे नाही. काही निर्णय शेवटच्या दिवसांत घाईने घेतले जातात, कारण त्यांची अंमलबजावणी आपल्याला करायची नसते. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पंचायत क्षेत्र विस्तार कायदा, म्हणजे पेसा, संसदेने डिसेंबर १९९६ मध्ये केला. गडचिरोलीसाठी याहून महत्त्वाचा कायदा क्वचितच असेल. त्याचे नियम महाराष्ट्राने केले ४ मार्च २०१४ रोजी, सतरा वर्षांनी. दुसऱ्याच दिवशी, ५ मार्चला, लोकसभा निवडणूक जाहीर झाली. १३ मे रोजी ग्रामवन नियम आले, ज्यांनी वनहक्क कायद्याला समांतर दुसरीच व्यवस्था उभी केली. विधानसभेला तेव्हा पाच महिने राहिले होते. वनहक्क कायदा की ग्रामवन नियम, हा वाद पुढच्या सरकारच्या आणि ग्रामसभांच्या माथी आला.

जून २०२२ मध्येही हेच दिसले. उद्धव ठाकरे सरकार डळमळत असताना २२ ते २४ जून या तीन दिवसांत इतके शासन निर्णय निघाले की राज्यपालांनी मुख्य सचिवांकडे खुलासा मागितला. सत्तेवर आलेल्या एकनाथ शिंदे सरकारने मागची मंजूर कामे थांबवली. या ओढाताणीत गावाच्या पुलाचे काम मंजूर झालेले असते आणि थांबलेलेही. पावसाळ्यात भामरागडचा संपर्क तुटतो तो असल्याच पुलांच्या अभावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आचारसंहिता लागण्याआधी पुन्हा एकेका बैठकीत डझनांनी निर्णय झाले.

इथे एक गोष्ट लक्षात येते. पदरात टाकायला विरोधी पक्षाचेच सरकार यावे लागते असे नाही. २००४ साली सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. आघाडी पुन्हा जिंकली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि वर्षभराच्या आत सवलत बंद करण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्याच आघाडीवर, त्याच तिजोरीतून. २०२४ साली जून महिन्याच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली, महिन्याला १५०० रुपये. वर्षाचा अंदाज ४६,००० कोटी. प्रचारात २१०० रुपयांचे आश्वासन दिले गेले. महायुतीच पुन्हा आली, आणि मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २१०० नव्हते. तरतूद ३६,००० कोटींची होती आणि राज्याचे कर्ज ९.३२ लाख कोटींपर्यंत जाण्याचा अंदाज होता.

पैसे कुठून आणायचे हा प्रश्न निवडणुकीआधी विचारलाच गेला नाही. त्याचे एक उत्तर मे २०२५ मध्ये मिळाले. आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख आणि सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये या योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी स्वतः यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या त्या समाजातल्या लाभार्थी बहिणींनाच हा पैसा जातो, असा सरकारचा युक्तिवाद होता. तो पूर्ण खोटा नाही. एटापल्लीच्या बाईच्या खात्यात पंधराशे रुपये पडतात ही लहान गोष्ट नाही, कित्येकींच्या हाती स्वतःच्या नावाचा पैसा पहिल्यांदाच आला आहे. पण आदिवासी उपयोजना आश्रमशाळा, वसतिगृहे आणि रस्ते यांसाठी आखली गेली. आईला दिलेले पंधराशे मुलीच्या वसतिगृहातून काढायचे असतील, तर ते देताना तिला सांगायला हवे होते.

मतदाराला आधी सांगण्याची सोय करता येते. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून कायदाच आहे. निवडणुकीचे आदेश निघाले की दहा दिवसांच्या आत अर्थखात्याच्या आणि वित्त विभागाच्या सचिवांनी, मंत्र्यांनी नव्हे, देशाच्या तिजोरीची खरी स्थिती प्रसिद्ध करायची. त्यामुळे ‘आम्ही आलो तेव्हा तिजोरी रिकामी होती’ असे म्हणण्याची सोय येणाऱ्याला राहत नाही, आणि लपवण्याची जाणाऱ्याला. उलट ग्रीसमध्ये ऑक्टोबर २००९ मध्ये सरकार बदलले आणि नव्या सरकारने वित्तीय तूट आधी सांगितलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे उघड केले, त्यातून सगळा युरोप हादरला. आपल्याकडे निवडणुकीच्या वर्षात लेखानुदान मांडायची पद्धत आहे, पण लेखानुदानाच्या भाषणात घोषणा होतात, थकलेली बिले नसतात. कंत्राटदारांची थकबाकी, धानाच्या बोनसची बाकी, न दिलेले मोबदले यांची एक यादी मतदानाआधी वित्त सचिवांच्या सहीने छापली जावी, इतकी मागणी करायला कुठलीही घटनादुरुस्ती लागत नाही.

जाणाऱ्या सरकारने स्वतःच कटू घोट घेतल्याचेही उदाहरण आहे, आणि त्याचा धागा याच मुलखाला जोडलेला आहे. १९९१ च्या मे महिन्यात पंतप्रधान चंद्रशेखर यांचे काळजीवाहू सरकार होते. परकीय चलन संपत आले होते. त्या सरकारच्या काळात २० टन सोने परदेशी बँकेकडे देऊन डॉलर उभे केले गेले. लोकांना हे अपमानास्पद वाटले, पण देशाने देणी चुकवली. रुपयाचे अवमूल्यन मात्र पुढच्यांसाठी राहिले आणि पी. व्ही. नरसिंह राव यांनी २१ जूनला शपथ घेतल्यावर दहा-बारा दिवसांत ते दोन टप्प्यांत केले. नरसिंह राव पूर्वी रामटेकचे खासदार होते. त्याही आधी वीस वर्षे ते ज्या मंथनी मतदारसंघाचे आमदार होते, त्यातच आज मेडीगड्डा येते, सिरोंचाच्या समोरच्या काठावर.

गडचिरोलीत असा घोट कुणी घेतला असेल तर तो मेंढा-लेखात. धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाला ऑगस्ट २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे. १९२७ च्या वन कायद्यात मात्र तेव्हा बांबू म्हणजे झाड होते, आणि झाड वनखात्याचे. ग्रामसभेने बांबू तोडला तर विकायचा कसा? वाहतूक परवाना वनखाते देणार, आणि खाते देत नव्हते. कित्येक दशके बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू सवलतीच्या दराने जात होता, त्या व्यवस्थेला यामुळे धक्का बसणार होता. निर्णय लांबवायला सगळी कारणे हाताशी होती. पण गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गाव इतके ठाम उभे राहिले होते की फाईल सरकवायला जागा उरली नाही. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. खात्याच्या फाटकातून बांबूचा ट्रक बाहेर काढणारा कागद. अडीच महिन्यांनी, १२ जुलैला, रमेश यांचे खातेच बदलले. एप्रिलची ती दुपार पुढे ढकलली असती तर प्रश्न दुसऱ्या मंत्र्याच्या टेबलावर गेला असता, आणि किती वर्षे राहिला असता ते पेसाच्या सतरा वर्षांवरून कळते.

आता धानाचे. गडचिरोलीत आधारभूत किमतीने धान खरेदी करते आदिवासी विकास महामंडळ, गावच्या आदिवासी विविध कार्यकारी संस्थांमार्फत. लोक त्यांना ‘आविका’ म्हणतात. कोरची, कुरखेडा, धानोरा भागात आविकाच्या अंगणात पोत्यांच्या थप्प्या लागतात, वर ताडपत्री, खाली लाकडी फळ्या नाहीतर नुसता भुसा. गोदामे पुरेशी नाहीत. भरडाईला उचल उशिरा होते. मे महिन्यात अवकाळी आला की पोत्याच्या शिवणीतून कोंब बाहेर येतात, आणि ओल्या धानाचा आंबूस वास रस्त्यापर्यंत येतो. गोदामे बांधणे हा महागडा आणि न दिसणारा निर्णय, तो दरवर्षी पुढच्या वर्षावर जातो. बोनस मात्र नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जाहीर होतो, २०२२ मध्ये हेक्टरी १५,०००, २०२३ मध्ये २०,०००. शेतकऱ्याला बोनस हवाच आहे. पण तोच पैसा चार वर्षे सलग गोदामांत गेला असता, तर त्याच्या धानाला कोंब फुटले नसते.

कर्जमाफीतही तेच. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले योजना आली, आणि पुढे नियमित कर्ज फेडणाऱ्यांना ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन देऊ असे सांगितले गेले. ते घोषित करणारे सरकार अडीच वर्षांत गेले, आणि पैसे पुढच्या सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून द्यायला घेतले. मधल्या तीन हंगामांत ज्याने व्याज वाचवायला वेळेवर भरले तो वाट पाहत होता. २०२४ च्या प्रचारात पुन्हा कर्जमाफीचे आश्वासन आले. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी नागपूरचे रस्ते अडवले, तेव्हा ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले.

तीस जून म्हणजे झाडीपट्टीत पऱ्हे टाकून झालेले असतात आणि रोवणीसाठी मजूर ठरवायची वेळ आलेली असते. त्याआधी मार्चअखेर सोसायटीचा वसुलीचा तगादा लागतो. आविकात धान विकून आलेले पैसे खात्यात असतात. सावलीच्या किंवा आरमोरीच्या शेतकऱ्याने ते सोसायटीत भरले तर माफीच्या यादीत आपले नाव राहील का, हे त्याला माहीत नसते. नाही भरले आणि माफी आली नाही, तर थकबाकीदार म्हणून जूनमध्ये नवे पीककर्ज मिळणार नाही, आणि बियाणे सावकाराकडून उचलावे लागेल. मुंबईतला निर्णय जूनअखेरपर्यंत थांबू शकतो. त्याला मात्र मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, पासबुक हातात घेऊन सोसायटीच्या ओट्यावर बसून, स्वतःच ठरवावे लागते.